तीन सेटिंग बदलल्या आणि संगणक सुरूच होईना: एक प्रकरण अभ्यास

फर्मवेअरमधली, म्हणजे बोर्डात भरलेल्या आणि विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, सेटिंग बदलल्यावर संगणक सुरू होत नसेल, तर त्यातली माहिती बहुतेक वेळा जागच्या जागी असते. ती जाते नंतर, घाबरून केलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या उपायात. हे प्रकरण एवढ्या तपशिलात लिहितोय ते त्यासाठीच. यात एकामागून एक असे वेगवेगळे दोष पुढे आले, प्रत्येकाचं लक्षण वेगळं होतं, आणि मध्ये एका ठिकाणी एक बटण दाबलं गेलं असतं तर वर्षानुवर्षांच्या हिशेबांची वाट लागली असती.

संगणक डेस्कटॉप, इंटेलच्या आठव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरचा. मालक हिशेबनिसाचं काम करणारे गृहस्थ, यंत्राची नीट काळजी घेणारे. बोर्ड आणि प्रोसेसर नवे घेतले तेव्हा त्यांनी आधीच्या संगणकातल्या दोन वस्तू तशाच पुढे आणल्या: एक बरंच जुनं ग्राफिक्स कार्ड, आणि विंडोज १० असलेली एसएसडी. नंतर अशिलांच्या फायलींसाठी दोन सारख्या हार्ड डिस्क बसवून त्यांचं मिरर केलं, म्हणजे एकीवर लिहिलेलं सगळं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं. हे मिरर बोर्डावरच्या इंटेल आरएसटी सुविधेतून केलेलं होतं. पुढे ते बनवलेलं आहे हेच विस्मरणात गेलं. रोजच्या वापरात ती फक्त 'डी' ड्राइव्ह होती.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून त्यांना विंडोज ११ वर जायचं होतं. मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्रॅमने सांगितलं की प्रोसेसर चालेल, पण सिक्युअर बूट (स्वाक्षरी पटलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सुविधा) आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारा भाग) हवं. दोन्ही गोष्टी बोर्डात होत्या, फक्त बंद होत्या. गृहस्थ सेटिंगमध्ये गेले, इंटेलचं टीपीएम म्हणजे पीटीटी चालू केलं, सिक्युअर बूट चालू करायला गेले तर बोर्डाने आधी सीएसएम (जुन्या पद्धतीच्या वस्तू चालवून घेणारा भाग) बंद करायला सांगितलं, तेही केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला.

मग त्यांनी ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून बोर्डावरचा सीमॉस जम्पर, म्हणजे साठवलेल्या सेटिंग पुसण्यासाठीच्या पिना, जोडून सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्या. चित्र परत आलं. बोर्डाचा लोगो दिसला, विंडोजचे गोल फिरणारे ठिपके दिसले, आणि निळा पडदा आला: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. असं लागोपाठ झाल्यावर विंडोजने आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडला. 'स्टार्टअप रिपेअर' चालवून पाहिलं, त्याने हात टेकले. पुढचा पर्याय होता 'रिसेट धिस पीसी', म्हणजे विंडोज नव्याने बसवणं. इथे ते थांबले आणि त्यांनी फोन केला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

फोनवर मी एवढंच सांगितलं की संगणक बंद करा, मुख्य स्विचसुद्धा, आणि मी येईपर्यंत काही दाबू नका. अशा वेळी यंत्र उघडण्याआधी विचारायचे प्रश्न दोनच. काय काय बदललं, आणि ज्या क्रमाने बदललं त्याच क्रमाने काय काय दिसलं. लोक पहिल्याचं उत्तर नीट देतात, दुसऱ्याचं देताना 'काही नाही, सुरूच होत नाही' म्हणतात. पण काळा पडदा, 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असा मजकूर, आणि विंडोजचे ठिपके दिसून येणारा निळा पडदा, ही तीन अगदी वेगळी लक्षणं आहेत. पहिल्यात चित्रच निघत नाही. दुसऱ्यात फर्मवेअर ठीक आहे, पण त्याला सुरू करायला काही मिळत नाही. तिसऱ्यात फर्मवेअरने आपलं काम पूर्ण केलंय, विंडोजचा गाभा मेमरीत चढलाय, आणि आता त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही. निळा पडदा पाहून लोक जास्त घाबरतात, पण तिन्हींत तोच दुरुस्तीच्या सगळ्यात जवळचा.

आधी काळ्या पडद्याचं. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून चालत आलेली बायॉस पद्धत आणि आजची यूईएफआय यांच्यामधला पूल म्हणजे सीएसएम. जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या वस्तूंना नव्या बोर्डावर चालवून घेणारा तो भाग. ग्राफिक्स कार्डाच्या आतही एक छोटं फर्मवेअर असतं. यूईएफआयला पडद्यावर चित्र काढायचं तर त्या फर्मवेअरमध्ये जीओपी नावाचा भाग लागतो. साधारण २०१२ च्या आधीच्या कार्डांत तो नसतो. सीएसएम चालू असेपर्यंत असं कार्ड जुन्या पद्धतीने चित्र देतं, तो बंद झाला की कार्ड धडधाकट असूनही मुकं होतं. काही बोर्ड हे ओळखून सीएसएम आपोआप परत चालू करतात. या बोर्डाने तसं केलं नाही, फक्त कोपऱ्यातला 'व्हीजीए' लिहिलेला छोटा दिवा पेटवून ठेवला. गृहस्थांनी तो दिवा पाहिला होता, पण त्याचा अर्थ कार्ड जळलं असा घेतला. कार्डाला काहीच झालेलं नव्हतं.

त्या क्षणी जम्परपेक्षा सोपा मार्ग हाताशी होता. कार्ड काढायचं आणि पडद्याची केबल बोर्डावरच्या एचडीएमआयला लावायची. त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि ते यूईएफआयशी बोलतं. चित्र आलं असतं, सीएसएम परत चालू करता आला असता, आणि संगणक होता तसा झाला असता. बाकीच्या सेटिंगना धक्का लागला नसता.

जम्परने धक्का सगळ्यांना लागतो, आणि दुसरा दोष तिथून आला. सीमॉस साफ करणं म्हणजे 'काल रात्रीच्या स्थितीत परत जाणं' असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. ते बोर्ड कारखान्यातून निघाला त्या स्थितीत जाणं आहे, आणि त्यानंतर कुणीतरी विचारपूर्वक केलेले बदल त्यात पुसले जातात. इथे पुसला गेलेला बदल साटा मोडचा, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो त्याचा, होता. त्याबद्दल विचारलं तर गृहस्थांना काही आठवेना. मग मी प्रश्न बदलला. संगणक चालू केल्यावर, विंडोज यायच्या आधी, काळ्या पडद्यावर काही अक्षरं यायची का? ते लगेच म्हणाले, "हो, क्षणभर यायची. डिस्कची नावं असायची आणि हिरव्या अक्षरात 'नॉर्मल'. आता येत नाहीत."

इथे बरंचसं उलगडलं. तो इंटेल आरएसटीचा पडदा, कंट्रोल-आय दाबून ज्यात शिरता येतं तो. म्हणजे साटा मोड आरएसटी होता, दोन डिस्कचं मिरर होतं, आणि जम्परनंतर बोर्ड एएचसीआयवर, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी हाताळणाऱ्या साध्या मोडवर, गेला होता. विंडोज आपल्या डिस्कपर्यंत पोचण्यासाठी सुरुवातीच्या क्षणी ठरावीक ड्रायव्हरच (यंत्राच्या भागांशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) उचलतं. इथे ते आरएसटीच्या ड्रायव्हरवर विसंबून होतं. डिस्क सांभाळणारा बोर्डावरचा कंट्रोलर अचानक दुसऱ्या रूपात समोर आला, ड्रायव्हर जुळला नाही, आणि निळा पडदा. एसएसडीत दोष नाही, विंडोजमध्ये दोष नाही, बूटच्या फायलींतही नाही. म्हणूनच स्टार्टअप रिपेअरला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. अशा वेळी बूटरेक, बीसीडी (बूटची यादी) पुन्हा बांधणं वगैरे बूट दुरुस्तीच्या आज्ञा चालवत बसणं म्हणजे चांगल्या असलेल्या गोष्टींना हात लावणं.

खरी काळजी मिररची होती. एएचसीआय मोडमध्ये मिररमधल्या दोन डिस्क दोन स्वतंत्र डिस्क म्हणून दिसतात. मिररची नोंद डिस्कच्या शेवटच्या भागात असते आणि मोड बदलल्याने ती पुसली जात नाही, हे सुदैव. पण या मोडमध्ये एखादी कार्यप्रणाली सुरू होऊन एकाच डिस्कवर काही लिहून गेली, तर दोन्ही प्रतींत फरक पडतो आणि आरएसटीला त्याचा पत्ताही नसतो. नंतर मिरर परत जोडलं की वाचन कधी या प्रतीतून होतं, कधी त्या. हिशेबाच्या फायलींत हे झालं तर चूक कधी लक्षात येईल सांगता येत नाही. निळ्या पडद्यापर्यंत विंडोज डिस्कवर काही लिहीत नाही, पण दुरुस्तीचा पडदा ही स्वतःच एक छोटी विंडोज आहे आणि ती दिसतील ते ड्राइव्ह जोडून घेते. तिथून 'रिसेट' दाबला गेला असता तर चुकीच्या मोडमध्येच नवी विंडोज बसली असती, आणि मग ती रोज त्या डिस्कवर लिहीत राहिली असती.

म्हणून यंत्र उघडल्यावर पहिलं काम, वीज पूर्ण काढून दोन्ही हार्ड डिस्कच्या साटा केबल एकाच वेळी सोडवल्या आणि कोणती केबल कुठली ते चिकटपट्टीवर लिहून ठेवलं. एकच काढून चालत नाही. एक डिस्क जोडलेली ठेवून आरएसटी चालू केलं तर मिरर 'डिग्रेडेड' (एक प्रत कमी असलेलं) होतं आणि दुसरी परत लावल्यावर पुनर्बांधणी करावी लागते. दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर.

मग सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले. घड्याळ जम्परमुळे मागे गेलं होतं, ते लावलं. ही बाब लोक सोडून देतात आणि मग वेबसाइट उघडताना प्रमाणपत्राच्या चुका येतात म्हणून वेगळ्याच शोधात लागतात. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी मोजली, ३ व्होल्टची असते ती, आणि ठीक भरली. त्यानंतर एकच बदल केला: साटा मोड एएचसीआयवरून परत आरएसटी. सेव्ह करून चालू केलं, ठिपके फिरले, विंडोजचा लॉगिन पडदा आला. गृहस्थ खुर्चीत मागे टेकून बसले. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं, आणि खरं तर तिथेच थांबलं असतं तरी चाललं असतं.

पण विंडोज ११ ची गरज होतीच. पुढे जाण्याआधी प्रती घेतल्या. एसएसडीची सेक्टरनिहाय प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, क्लोनझिला या प्रोग्रॅमच्या यूएसबीवरून सुरू करून एका बाहेरच्या डिस्कवर घेतली. नंतर दोन्ही हार्ड डिस्क एकत्र जोडल्या, चालू केलं, आरएसटीच्या पडद्यावर हिरवं 'नॉर्मल' दिसलं. त्यावर समाधान मानलं नाही. 'नॉर्मल' म्हणजे दोन्ही डिस्क हजर आहेत आणि नोंद जुळते, एवढंच. आतला मजकूर एकसारखा आहे की नाही हे त्यातून कळत नाही. सगळ्या फायली आधी बाहेर कॉपी केल्या आणि मग आरएसटीच्या प्रोग्रॅममधून पडताळणी लावली. तिला तास लागतात, लागू दिले. फरक सापडला नाही. गृहस्थांना इथे स्पष्ट सांगितलं की मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर ते वाचवतं, चुकून पुसलेली फाइल मात्र ते दोन्हीकडून तत्परतेने पुसतं. बाहेरची प्रत वेगळी हवीच.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सुविधा, चालू आहे का तेही पाहिलं. नव्हतं. असतं तर गोष्ट अवघड झाली असती, कारण बिटलॉकरची किल्ली टीपीएममध्ये असते आणि फर्मवेअरची स्थिती बदलली की टीपीएम ती देत नाही. मग विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल आणि फर्मवेअरची स्थितीही पूर्ववत करता आली नाही, तर माहिती परत मिळवायचा मार्ग नाही, जगातला कुठलाही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कूटबद्धीकरण वापरणाऱ्याला न विचारताच चालू झालेलं असतं. त्यामुळे लॅपटॉपच्या सेटिंगला हात लावण्याआधी ती की कुठे आहे ते शोधा, कागदावर उतरवा, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा, आणि मगच पुढे जा. हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

आता तिसरा दोष, जो अजून समोर आलाच नव्हता. कार्ड बदलून किंवा काढून सीएसएम बंद केला असता तरी हा संगणक सुरू झाला नसता. एसएसडी एमबीआर या, डिस्कचे विभाग मांडायच्या जुन्या, पद्धतीची होती. ही पद्धत १९८३ ची, डॉस २.० बरोबर आलेली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या तक्त्यासाठी, शेवटच्या २ बाइट खुणेसाठी. जुनं बायॉस तो कोड उचलून चालवायचं. यूईएफआय तो कोड चालवत नाही. ते डिस्कवर फॅट पद्धतीचा एक छोटा ईएफआय विभाग शोधतं आणि त्यातली बूटची फाइल चालवतं. या एसएसडीवर तसा विभागच नव्हता. काळ्या पडद्यामागे हा दोष दडून राहिला होता, एवढंच.

डिस्क न पुसता एमबीआरची जीपीटी (यूईएफआयबरोबरची नवी मांडणी) करायचं साधन विंडोजमध्येच आहे, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून: एमबीआर-टू-जीपीटी. त्याची एक गोष्ट मला आवडते, ते बदल करण्याआधी नुसती तपासणी करून देतं. तपासणी नापास झाली. डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात पाहिलं तर चार प्राथमिक विभाग होते. या साधनाला जास्तीत जास्त तीन चालतात, आणि एक्स्टेंडेड विभाग (ज्याच्या पोटात आणखी विभाग करता येतात तो) असेल तर तेही चालत नाही. चौथा विभाग होता जुन्या, कधीच मोडीत निघालेल्या संगणकाच्या उत्पादकाने दिलेला रिकव्हरी विभाग. नव्या बोर्डावर त्याचा उपयोग शून्य, शिवाय प्रतिमेत त्याची नक्कल होतीच. तो काढला. पुन्हा तपासणी, या वेळी पास. मग रूपांतर. आज्ञेत डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो, आणि इथे मिररसकट एकाहून जास्त डिस्क होत्या, म्हणून क्रमांक आकारावरून पुन्हा ताडून घेतला. हे पाऊल एकेरी आहे. रूपांतर झाल्यावर जुन्या पद्धतीने ती डिस्क सुरू होत नाही, परत यायचं तर प्रतिमाच टाकावी लागते.

शेवटी एक ओळ आली की रिकव्हरीची नोंद अद्ययावत करता आली नाही. हे बऱ्याचदा होतं. रीएजंट-सी ही आज्ञा वापरून ती सुविधा बंद करून परत चालू केली की काम भागतं.

त्यानंतरचा क्रम मुद्दाम सावकाश ठेवला, दर बदलानंतर एकदा संगणक चालू करून पाहायचं. रूपांतरानंतर जुन्या मोडमध्ये परत सुरू करून उपयोग नव्हता, म्हणून आधी कार्ड काढलं आणि केबल बोर्डावर लावली. सेटिंगचं पान दिसलं, म्हणजे बोर्डावरून चित्र येतंय. सीएसएम बंद केला, बूटच्या यादीत डिस्कच्या नावाऐवजी 'विंडोज बूट मॅनेजर' अशी नोंद दिसू लागली, ती वर नेली, विंडोज सुरू झालं. साटा मोड तोच राहिलाय हे इथे पुन्हा पाहिलं. पुढच्या फेरीत सिक्युअर बूट. ते 'एनेबल्ड' दिसत होतं, पण खाली 'नॉट ॲक्टिव्ह' लिहिलेलं. पुष्कळ जण इथे अडकतात. सिक्युअर बूट ज्या किल्ल्यांच्या आधारे स्वाक्षरी तपासतं त्या किल्ल्याच बोर्डात भरलेल्या नसल्या तर ते चालू करूनही निष्क्रिय राहतं. किल्ल्यांच्या पानावर जाऊन कारखान्याच्या मूळ किल्ल्या बसवल्या, मग 'ॲक्टिव्ह' झालं. शेवटी पीटीटी.

विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायॉस मोडपुढे यूईएफआय आणि सिक्युअर बूटपुढे 'ऑन' आलं, टीपीएमच्या पानावर २.० आलं. विंडोज ११ नेहमीच्या पद्धतीने बसली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

कार्डाचा प्रश्न उरला. जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये कार्डापुढे यूईएफआयची एक चौकट असते. बाहेरच्या एका जुन्या यंत्रात घालून पाहिलं तर ती रिकामी निघाली. काही कार्डांसाठी उत्पादकांनी नंतर जीओपी असलेलं फर्मवेअर दिलं होतं, पण कार्डाचं फर्मवेअर बदलताना चुकलं तर कार्डच जातं, आणि हिशेबाच्या कामाला त्याची गरज नव्हती. दोन पडदे बोर्डावरूनच चालतात. कार्ड बाजूला ठेवलं.

गृहस्थांना एक बदल मात्र समजावून द्यावा लागला. सीएसएम बंद झाल्यामुळे सुरुवातीचा तो कंट्रोल-आयचा पडदा आता दिसत नाही, कारण तो जुन्या पद्धतीचाच भाग होता. मिरर आहे तिथेच आहे. त्याची स्थिती आता सेटिंगमधल्या आरएसटीच्या पानावर किंवा विंडोजमधल्या इंटेलच्या प्रोग्रॅममध्ये पाहायची. सेटिंगच्या शेवटच्या स्थितीचे फोटो काढून मी त्यांच्या मोबाइलवर आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवले, साटा मोडच्या पानाचा सगळ्यात आधी.